वीस मिनिटांचं कासव

त्या रविवारी सकाळी दहा वाजता सुहास खेळायला आला नाही, तेव्हा मला आधी राग आला. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे. फेब्रुवारी महिना होता. तोक्योच्या हिगाशी-कसाई भागातल्या आमच्या सातव्या मजल्यावरच्या घरात मी चहाचा कप आणि खेळाचं यंत्र घेऊन सोफ्यावर तयार होऊन बसलो होतो, आणि पडद्यावर सुहासच्या नावापुढचा दिवा काही हिरवा होत नव्हता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी फोनवर त्याला लिहिलं, "काय कासवराव, आज सामना सुरू व्हायच्या आधीपासूनच वेळकाढूपणा?" उत्तर आलं नाही. दहा वीसला फोन वाजला. नाव त्याचंच होतं, म्हणून मी उचलल्या उचलल्या म्हणालो, "झोपला होतास काय रे?" पलीकडून युमिकोवहिनींचा आवाज आला. वहिनी जपानी आहेत, पण त्या सकाळी त्यांना जपानीही नीट बोलता येत नव्हतं. सुहास कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, दूध आणायला गेला होता आणि परत येताना इमारतीच्या जिन्यात कोसळला. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. एकोणपन्नास वर्षांचा होता. "दुधाचा खोका फुटलासुद्धा नाही," असं वहिनी तीनदा म्हणाल्या... आणि मी तीनदा "हो, हो" म्हणालो.

सुहास आणि मी बावीस वर्षांपूर्वी नागोयात पीएचडीला भेटलो. एकाच वसतिगृहात, समोरासमोरच्या खोल्यांत. मी जन्माचा उतावळा. प्रबंध कसाबसा उरकला, संशोधनाला रामराम ठोकला आणि तोक्योत आयटीच्या नोकरीत शिरलो. सुहास नागोयातच राहिला. त्याचा विषय होता धातूंचा थकवा. म्हणजे पट्टीएवढा एक तुकडा यंत्रात धरायचा, त्याला ओढायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं, असं लाखो वेळा, आणि तो कधी मोडतो ते बघत बसायचं. हा माणूस ते आनंदानं करायचा. "धातू सांगून मोडत नाही रे," म्हणायचा, "म्हणून बसून राहावं लागतं." घरीही तेच. कुठलाही प्रश्न विचारा, पहिलं उत्तर "बघू." युमिकोवहिनींना लग्नाचं विचारायला त्यानं चार वर्षं घेतली. शेवटी त्यांनीच विचारलं, तर म्हणे, "मी पुढच्या महिन्यात विचारणारच होतो." लग्नात मी हा किस्सा माईकवरून सांगितला होता आणि वहिनींचे वडील डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते.

खेळ आमच्यात आला तो साथीच्या काळात. यंत्र खरं तर माझ्या लेकीचं. तिचा त्यातला रस संपला, आणि नागोयाला जाणं बंद झाल्यावर मी ते उचललं. सुहासला म्हटलं, तूही घे, तेवढीच भेट होईल. दोन पंचेचाळिशीचे बाप्ये काल्पनिक प्राण्यांच्या झुंजी लावतात, याची आमच्या घरी यथेच्छ थट्टा झाली. माझी बायको अलका म्हणायची, "चला, दहा वाजले. गोठ्यात गेले आमचे." खेळ समजायला सोपा आहे. दोघांकडे तीन-तीन प्राणी. प्रत्येक प्राण्याला चार चाली येतात. दर फेरीला दोघांनी एकेक चाल निवडायची, त्यासाठी पाऊण मिनिट मिळतं. समोरच्याचे तिन्ही प्राणी लोळवले की जिंकलात. नाहीतर वीस मिनिटांनी घड्याळ सामना थांबवतं, आणि ज्याच्या प्राण्यांत जास्त जीव शिल्लक तो जिंकतो. मी आग ओकणारे, झेपावणारे प्राणी घ्यायचो. सहा मिनिटांत निकाल, इकडे किंवा तिकडे. सुहासनं पहिल्याच आठवड्यात निवडलं ते कोकेगामे नावाचं कासव. पाठीवर शेवाळ उगवलेलं, डोळे अर्धे मिटलेले. त्याला फारसं मारता येत नाही. ते एकदा समोरच्याला विषाचा फवारा देतं आणि नंतर बसतं. कवचात शिरतं, जखमा भरून काढतं, पुन्हा कवचात. आणि दर फेरीला तुमचा प्राणी विषानं थोडाथोडा खंगत जातो.

मला त्या कासवाचा संताप यायचा. सशाच्या गोष्टीतलं कासव निदान चालतं तरी. हे नुसतं बसायचं, आणि त्याचा मालक प्रत्येक चालीला पुरती पंचेचाळीस सेकंदं घ्यायचा. "अरे तुला कवचच घ्यायचंय ना, मग विचार कसला करतोस?" मी फोनवर ओरडायचो, कारण खेळताना आम्ही फोन चालूच ठेवायचो. "थांब रे, बघू," तो म्हणायचा. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. आज काय केलंत नाश्त्याला?" मग मी त्याला नाश्ता सांगायचो, तो मला शेजारच्या काकूंनी कचऱ्याच्या वर्गीकरणावरून पुन्हा कसं झापलं ते सांगायचा, माझ्या आगीच्या प्राण्याचा जीव हळूहळू निम्म्यावर यायचा आणि मी वैतागून 'हार मान्य' हे बटण दाबायचो. दर दोन-तीन रविवारांआड एखादा सामना मी असा अर्ध्यावर सोडत असे. सोडला की त्याची एकच प्रतिक्रिया असायची. "अरे... अजून आठ मिनिटं होती की."

एक रविवार मात्र वेगळा होता. माझी आई पुण्यात गेली तेव्हा विमानं बंद होती. तिला शेवटचं मी फोनच्या पडद्यावर पाहिलं, भावानं हात उंच करून धरलेल्या फोनमधून. दुसऱ्या दिवशी रविवार होता. दहा वाजता सुहासचा दिवा हिरवा झाला आणि त्यानं सामन्याचं आमंत्रण पाठवलं. मला चीड आली, पण हात आपोआप यंत्राकडे गेला. त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत खेळत होतो. तो सांत्वनाचा एक शब्द बोलला नाही. फक्त कवच, उपचार, कवच, उपचार. एक सामना संपला की लगेच दुसऱ्याचं आमंत्रण. मी एकही सोडला नाही, कारण सोडून करायचं काय होतं? अंधार पडल्यावर तो म्हणाला, "आता काहीतरी खा." मी खाल्लं. त्या कासवावर मी पुढे कितीही खेकसलो तरी हा दिवस मला विसरता यायला नको होता. आणि मी विसरलो.

आता ऑक्टोबरबद्दल लिहायला हवं. इतका वेळ मीही कासवासारखंच केलं.

आमच्या कसाई भागात मी पत्रं वाचणारा माणूस म्हणून ओळखला जातो. जपानीची सगळ्यात वरची परीक्षा मी पास आहे आणि त्याचा मला तोराही आहे. वॉर्ड ऑफिसचं पत्र असो, शाळेची सूचना असो, गॅसवाल्याची चिठ्ठी असो, अर्धी मराठी घरं मला फोटो पाठवतात आणि मी दोन ओळींत अर्थ सांगतो. सुहास जपानी बोलायचा फर्डं, नागोयाच्या हेलात, पण लिपीच्या वाट्याला तो फारसा गेला नाही. प्रयोगशाळेचं काम इंग्रजीत चालायचं आणि घरी सगळी पत्रं वहिनी वाचायच्या. त्यामुळे त्याचं पत्र माझ्याकडे कधीच यायचं नाही. ऑक्टोबरातल्या त्या रविवारी सामना चौदाव्या मिनिटाला होता, माझ्या शेवटच्या प्राण्याचा जीव उतरणीला लागला होता, आणि सुहासची चाल येत नव्हती. तेवढ्यात फोनवर दोन फोटो आले. "हे जरा बघ ना," तो म्हणाला. "वार्षिक आरोग्य तपासणीचं पत्र आहे."

मला वाटलं, ही नवी युक्ती. घड्याळ संपवायची.

मी पहिला फोटो उघडला. नेहमीचा तक्ता, रकान्यांपुढे ए, बी, सी अशी अक्षरं. इथे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला दरवर्षी असा तक्ता येतो, आणि चाळिशीनंतर कोलेस्टेरॉलपुढे चांगलं अक्षर कुणालाच मिळत नाही. खाली एका रकान्यात आणखी एक अक्षर होतं, त्याच्यापुढे 'मागील पान पहा' अशी बारीक सूचना होती. ती मला दिसली होती. दिसली नव्हती असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. मी म्हणालो, "नेहमीचंच आहे रे. कोलेस्टेरॉल. भजी कमी कर. आता चाल खेळ." "नक्की ना?" तो म्हणाला. "अरे सगळ्यांना येतं ते! खेळ!" त्यानं कवच घेतलं. माझं डोकं फिरलं आणि मी 'हार मान्य' दाबलं. फोनही ठेवला. फोटोंपुढे माझ्याकडून 'वाचलं' अशी खूण आपोआप उमटली होती, दोन्हींपुढे.

दुसरा फोटो मी फेब्रुवारीत उघडला, त्याच्या अंत्यविधीसाठी नागोयाला निघालो तेव्हा, शिन्कानसेन या वेगवान गाडीत. का उघडला, सांगता येत नाही. त्याच्याशी झालेलं बोलणं मागे मागे सरकवत वाचत होतो आणि तिथे पोचलो. ते हृदयतज्ज्ञांच्या नावे दिलेलं पत्र होतं. हृदयाच्या आलेखात दोष आढळला आहे, महिन्याच्या आत सविस्तर तपासणी करून घ्यावी. लहान पोरालाही समजावून सांगता येईल इतकं सरळ पत्र. मला ते वाचायला अर्धं मिनिट लागलं. खेळातल्या एका चालीला मिळतो त्याहून कमी वेळ. गाडी तोयोहाशी स्टेशनच्या पुढे गेली होती. शेजारच्या बाईंनी मला कागदी रुमालांचं पाकीट दिलं.

अंत्यविधीत मी वहिनींना काही सांगितलं नाही. ती वेळ नाही, असं स्वतःला म्हणालो. पुढच्या आठवड्यात फोन केला तेव्हाही ती वेळ नव्हती. त्यानंतरही नव्हती. आज कवच, उद्या कवच. ज्या गोष्टीसाठी मी मित्राला इतकी वर्षं शिव्या घातल्या, ती मला किती सहज जमते हे मी त्या सात आठवड्यांत पाहिलं.

जपानी रीतीनं एकोणपन्नासावा दिवस मोठा असतो. गेलेला माणूस त्या दिवशी खऱ्या अर्थानं निघतो असं मानतात. वहिनींनी भटजींना, म्हणजे तिथल्या मंदिरातल्या भिक्षूंना, बोलावलं होतं आणि सुहाससाठी म्हणून साखरभातही केला होता, त्यानंच कधीतरी शिकवलेला. पाहुणे गेल्यावर त्यांनी मला थांबायला सांगितलं आणि चौकटी आखलेली एक जाड वही आणली. प्रयोगशाळेत वापरतात तसली. "ही मराठीत आहे," त्या जपानीत म्हणाल्या. "खेळाच्या यंत्राखाली होती. मला यांची अक्षरं नेहमी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसतात. वाचून दाखवा, नंदू-सान."

ती आमच्या सामन्यांची वही होती. प्रत्येक रविवार नोंदलेला. तारीख, माझे तीन प्राणी, किती चाली झाल्या, निकाल, आणि खाली शेरा. मी वाचत गेलो आणि जपानीत सांगत गेलो. सुरुवातीलाच एका पानावर त्यानं लिहिलं होतं : "हल्ल्याचे प्राणी घेतले तर सामना सहा मिनिटं. कासव घेतलं तर वीस. नंदू एरवी फोनवर तीन मिनिटांच्या वर टिकत नाही. कासव ठेवावं." एखाद्या धातूच्या तुकड्याबद्दल लिहावं तसं लिहिलं होतं. वहिनी हसल्या. मी पान उलटलं, कारण पुढे बोलणं अवघड झालं असतं. आईच्या त्या रविवारची नोंद आली : "बावीस सामने. नंदू सगळे हरला. एकही सोडला नाही. जेवला असावा." पानं उलटत होती आणि मला ठाऊक होतं की ऑक्टोबर येणार आहे. चार वर्षांचे रविवार एका वहीत किती भरभर संपतात!

तो रविवार आला. मी म्हणालो, "सामना नंदूने सोडला. चाल एकोणिसावी." आणि पान उलटायला बोट पुढे केलं.

वहिनींनी वहीवर हात ठेवला. त्या शाळेत शिकवतात, तिसरीच्या वर्गाला. "इथे चार ओळी आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकच वाचलीत. मला वाचता येत नाही, नंदू-सान. पण मोजता येतं."

मग मी चारही ओळी वाचल्या. "तपासणीचं पत्र नंदूला दाखवलं. नेहमीचंच आहे म्हणाला. बरं वाटलं. युमिकोला सांगण्यासारखं काही नाही." आणि शेवटी ती सोडलेल्या सामन्याची ओळ. जपानीत सांगितल्यावर मी बाकीचंही सांगितलं. दोन फोटो होते, मी एकच उघडला, 'मागील पान पहा' हे मला दिसलं होतं, आणि मला घाई होती, कारण मी हरत होतो. वहिनी उठल्या, आतल्या खोलीतून सुहासच्या कागदांत सापडलेलं एक पाकीट घेऊन आल्या आणि ती दोन पानं माझ्यापुढे ठेवली. दुसऱ्या पानावर 'महिन्याच्या आत' या शब्दांखाली पेन्सिलीनं सरळ, पट्टी लावून रेघ ओढलेली होती. "ही त्यांची रेघ," त्या म्हणाल्या. "तेवढे शब्द त्यांना वाचता यायचे. त्यांना कळलं होतं. मला दाखवलं असतं तर मी त्याच दिवशी हाताला धरून नेलं असतं. ते त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी तुम्हाला दाखवलं."

एक क्षण मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू, वाटलं. म्हणजे त्याला कळलं होतं, त्यानंच टाळलं, नेहमीसारखं 'बघू' म्हणाला... मग मी फोन काढला आणि तो दुसरा फोटो पुन्हा उघडला. पेन्सिलीची रेघ फोटोतही होती; गाडीत मला ती छापीलच वाटली होती. पत्र मला पाठवण्याआधीच त्यानं ती ओढली होती. स्वतःसाठी ओढली असेल. किंवा माझ्यासाठी, घाईतही माझी नजर नेमकी तिथे पडावी म्हणून. टाळायला बघणाऱ्या माणसानं एका उतावळ्या मित्राला पत्र दाखवलं होतं, की याच्या उतावळेपणाचा एकदा तरी मला उपयोग होऊ दे. आयुष्यभर मी त्याला ढकलत आलो होतो, चाल खेळ, चाल खेळ म्हणून. जिथे ढकलायला हवं होतं तिथे म्हणालो, नेहमीचंच आहे. मी वहिनींना फोटोतली रेघ दाखवली. त्यांनी ती कागदावरच्या रेघेशी ताडून पाहिली. डॉक्टर सांगतात की वेळेवर गेला असता तरी काय झालं असतं ते कुणीच सांगू शकत नाही. ते मला माहीत आहे. त्यानं फरक पडत नाही.

मी निघालो तेव्हा बूट घालताना वहिनींनी मागून विचारलं, "ते कासव अजून यंत्रात आहे ना?" मी हो म्हणालो. "मग रविवारी दहा वाजता," त्या म्हणाल्या. "मला काही येत नाही. वेळ लागेल. पण मध्येच सोडायचं नाही." शेवटचं वाक्य त्या मराठीत बोलल्या. त्यांनी मला क्षमा केली असं मी समजत नाही. त्यांनी तसं म्हटलेलं नाही आणि मी विचारलेलंही नाही.

पुढच्या रविवारी दहा वाजता पडद्यावर सुहासच्या नावापुढचा दिवा हिरवा झाला. यंत्र वहिनींच्या हातात आहे हे कळत असूनही मी त्याचं नाव दोनदा वाचलं, आणि दारात उभी असलेली अलका आत निघून गेली. तेव्हापासून आम्ही दर रविवारी खेळतो. वहिनी सुहासपेक्षाही सावकाश खेळतात. प्रत्येक चालीला पुरती पंचेचाळीस सेकंदं, शिवाय फोनवर विचारतात, "हे कवच ना? आणि हे औषध?" मी सांगतो. वहीचा राहिलेला भाग त्या दिवशी वाचून झाला नव्हता, म्हणून सामना चालू असताना त्या मधूनच दोन पानांचे फोटो पाठवतात आणि म्हणतात, "हे जरा बघा ना." 'हार मान्य' हे बटण जिथे आहे तिथेच आहे.

गेल्या रविवारी वहीतली शेवटची दोन पानं आली. माझा प्राणी विषानं खंगत होता, माझी चाल निवडायची राहिली होती, सेकंदं पळत होती. मी यंत्र मांडीवरून खाली ठेवलं आणि आधी दुसरं पान उघडलं. ते जवळजवळ कोरं होतं. वर फक्त फेब्रुवारीतल्या त्या रविवारची तारीख होती, त्यानं आधीच लिहून ठेवलेली. खाली 'समोर : नंदू'. त्याखाली 'चाली' आणि 'निकाल', दोन्हींपुढे मोकळी जागा. मी वहिनींना ते जसंच्या तसं सांगितलं, मोकळ्या जागांसकट. मग पहिलं पान उघडलं आणि वरपासून खालपर्यंत वाचून दाखवलं. तोवर माझी चाल गेली होती.